मारुतीच्या कोनाड्यातली टेप

नातवानं परवा विचारलं, "आबा, तुम्ही त्या काळी कम्प्युटरवर काय करायचे?" मी म्हटलं, "नकला काढायचो." "म्हणजे कॉपी-पेस्ट?" मी हो म्हणून मोकळा झालो. मोतीबिंदूची तारीख मिळवायला सकाळपासून सावंगीच्या दवाखान्यात रांगेत उभा होतो, जीव आंबून गेला होता. शिवाय या वयात एवढ्या-तेवढ्यावरून वाद घालायची हौस राहत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंना मात्र 'हो' म्हणून वाटेला लावता येईना. त्यांना म्हणे त्या जमान्यातल्या गमतीजमती हव्या आहेत. गमती होत्या, नाही असं नाही. पण माझं काम असं, की नीट झालं तर कुणाला पत्ता लागत नसे आणि बिघडलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. अशा कामातल्या गमती आठवायला बसलं की आधी थकवाच आठवतो. तरी एक हकिगत आहे, ती सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कापडगिरणीत होतो. गिरणीचं नाव घेत नाही, कारण तिचं भलं करणारे आणि तिचं वाटोळं करणारे दोघंही मला अजून बाजारात भेटतात. मी मूळचा रोहण्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. बी. एस्सी. झालो, नागपूरला कम्प्युटरचा कोर्स केला, आणि मशीन विकणाऱ्या कंपनीनं मशीनबरोबर मलाही गिरणीत धाडलं. मोटारपंपाच्या खोक्यात पाना येतो, तसा मी आलो. आमच्या खात्याला ईडीपी म्हणत. त्या तीन अक्षरांचा अर्थ गिरणीत कुणाला माहीत नव्हता आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. कामगारांच्या तोंडी ती 'थंडी खोली' होती, कारण अख्ख्या गिरणीत एसी तेवढ्या एकाच खोलीत होता.

मशीन कपाटाएवढं. त्याच्या तारा चार ठिकाणी गेल्या होत्या: हजेरी कचेरी, सामानाचं कोठार, सुताचं गोदाम आणि हिशेबखातं. चारही ठिकाणी टीव्हीसारखा एकेक पडदा आणि टाइपरायटरसारखा कळफलक. तिथले बाबू दिवसभर जे टाइप करत, ते माझ्या खोलीतल्या डिस्कवर जाऊन बसे. डिस्क म्हणजे ताटाएवढ्या तबकड्यांची चळत. ती नाजूक. म्हणून रोज संध्याकाळी तिच्यावरचं सगळं एका मोठ्या रिळाच्या टेपवर उतरवून घ्यायचं. यालाच बॅकअप म्हणतात.

उतरवण्याची आज्ञा कंपनीनं तयार दिलेली होती. ती दिली की टेप फिरायची, नक्कल व्हायची. पण त्या आज्ञेला आगापिछा कळत नसे. नक्कल चालू असताना कुणी टाइप करत बसला, तर टेपेवर अर्धं जुनं आणि अर्धं नवं जाई, आणि तसली नक्कल असून नसल्यासारखी. म्हणून नक्कल सुरू होण्याआधी काय करायचं आणि झाल्यावर काय करायचं, हे ज्याचं त्यानं लिहून ठेवायचं. आज्ञांची एक माळ आधीची, एक नंतरची. तिला स्क्रिप्ट म्हणतात. आधीच्या स्क्रिप्टनं सगळ्यांना हात थांबवायला सांगायचं, मशीनमधल्या वह्या, म्हणजे फायली, मिटून घ्यायच्या, काय आधी उतरवायचं नि काय नंतर ते ठरवायचं. नंतरच्या स्क्रिप्टनं टेप पुन्हा गुंडाळायची, वह्या उघडायच्या, सगळ्यांना या म्हणायचं. माझा बाप वखराला बैल जुंपायच्या आधी जू, दोर, शिवळा हातानं चाचपून पाही, आणि बैल सोडले की आधी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवी, मग स्वतः पाणी पिई. मधलं काम बैल करत. माझ्याकडेही आधीचं आणि नंतरचं तेवढंच होतं, पण तेच चुकलं तर मधल्याची माती होई.

मी लिहिलेल्या पहिल्या स्क्रिप्टचा पहिला बळी आमचे गुलाबराव. हे हजेरीबाबू. वयानं माझ्या काकांएवढे, एका बोटानं टाइप करत, तेही आधी पान नीट लावून घेतल्यावर. माझी स्क्रिप्ट चारही पडद्यांवर सूचना देई, थोडा वेळ वाट पाही आणि मग जो कुणी आत असेल त्याला बाहेर काढी. पहिल्याच दिवशी दुसऱ्या पाळीची हजेरी टाइप करता करता गुलाबरावांचा पडदा काळा झाला. ते चपलांसकट थंड्या खोलीत आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

"वानखडे, मी माणूस आहो का कोंबडी? हे काऊन हुसकून राह्यलं मले?"

मी त्यांना नकलेचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी पान चघळत सगळं ऐकून घेतलं.

"ते सारं बरोबर आहे. पन तुहं मशीन नवं आहे, त्याले दम धरता येते. माहं बोट जुनं आहे."

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट बदलली. हजेरी कचेरीचं काम पुरं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, अशी ओळ घातली. तेव्हापासून अख्ख्या गिरणीचा बॅकअप गुलाबरावांच्या एका बोटासाठी थांबून राही, आणि मी थंड्या खोलीत स्वेटर घालून ताटकळत बसे. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत मी स्वेटरात, हे पाहून कँटीनचा महाराजही हसायचा.

दुसरी ओळ मी माझ्या मनानं घातली नाही, घालायला लावली गेली. गिरणीच्या मुख्य कचेरीतून एक साहेब आले होते. त्यांनी विचारलं, टेप मध्येच संपली किंवा तुटली तर काय? मी म्हटलं, तोवर उतरलं तेवढंच हाती लागेल. तेव्हा ते म्हणाले, "मग महत्त्वाचं आधी घ्या. हिशेब, सूत, कोठार, मग कायम कामगारांची हजेरी. बदल्या सगळ्यात शेवटी. त्यांचं गेलं तरी काही बिघडत नाही."

बदली म्हणजे काय, हे गिरणी न पाहिलेल्यांना सांगायला हवं. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस, तो बदली. पत्र्याचा बिल्ला घेऊन हे लोक दर पाळीला फाटकाशी उभे राहत. नाव पुकारलं तर आत, नाही तर आल्या पावली घरी. वर्षात ठरावीक दिवस भरले की कायद्यानं त्याला कायम करण्याचा हक्क सांगता येई. त्यामुळं दिवस भरत आले की नेमकं त्याचंच नाव पुकारायचं राहून जाई. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. साहेबांचं बोलणं मला झोंबलं. पण मी ओळ घातली, कारण मला तिथं ओळी घालण्यासाठीच ठेवलं होतं.

त्याच साहेबांनी आणखी एक नियम दिला, आणि तो मात्र शहाणपणाचा होता. कापसाच्या गिरणीला सगळ्यात मोठं भय आगीचं. टेप त्याच इमारतीत ठेवली तर डिस्कबरोबर तीही जळणार. म्हणून आठवड्यातून एकदा दुसरी टेप काढायची आणि ती गिरणीबाहेर ठेवायची. पण बाहेर म्हणजे कुठं? मी आवारात आणि आवाराबाहेर हिंडून पाहिलं. जिथं कापूस, सूत, सरकी किंवा ढेप नाही आणि जी दगडी बांधणीची आहे, अशी एकच इमारत निघाली. फाटकासमोरचं मारुतीचं देऊळ.

देवळाची व्यवस्था नथ्थूजी पाहत. जन्मभर पिंजण खात्यात काम केलेले, छातीत कापूस बसलेला, दर वाक्याला खोकणारे. मूर्तीच्या बाजूच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कुलपाचा पत्र्याचा डबा ठेवायला त्यांनी लगेच परवानगी दिली. "मारुतीची राखन आहे, चोर हात लावत नाई," म्हणाले. मी नंतरच्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ वाढवली. दर शुक्रवारी नक्कल झाली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येई, 'टेप देवळात नेली का?' आणि होय म्हणेपर्यंत ते वाक्य हटत नसे. माझ्या आयुष्यात देवाची आठवण इतक्या नेमानं दुसऱ्या कुणी करून दिली नाही.

थंड्या खोलीतला माणूस कोनाड्यात डबा ठेवतो नि जुना काढून नेतो, हे किती दिवस लपणार? लोकांनी नथ्थूजींना विचारलं, डब्यात काय? नथ्थूजींनी खोकत सांगून टाकलं, "साऱ्यायची हजेरी." तसं ते खोटंही नव्हतं. पुढच्या शुक्रवारी गेलो तर डब्यावर झेंडूचं फूल. त्याच्या पुढच्या खेपेला कुंकू. हे काम कायम कामगारांचं नव्हतं, त्यांना काय गरज? बदलीवाले पाळीच्या आधी मारुतीला हात जोडत, तिथून बाजूला सरकून डब्याला जोडत, आणि मग फाटकाशी जाऊन उभे राहत.

त्यांत एक इंदूबाई होती. वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत एका बॉबिनवरून दुसरीवर घेतात तिथं, बदलीवर काम करायची. नवरा महादेवराव याच गिरणीत कायम फिटर होता. यंत्रात हात सापडला, दोन बोटं गेली, आणि डॉक्टरनं त्याला कामाला नालायक ठरवलं. गिरणीच्या चाळीतली खोली त्याच्या नावावर होती. व्यवस्थापनानं सांगितलं, वर्षभर राहा. तेवढ्यात बाई कायम झाली तर खोली तिच्या नावावर करू, नाही तर रिकामी करा. त्यामुळं त्या वर्षी इंदूबाई एक पाळी सोडत नव्हती. नाव पुकारलं जावो न जावो, तीनही पाळ्यांना फाटकाशी हजर. महादेवराव ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गिरणी कशी बुडतेय हे सांगत असे.

एकदा तिनं मला देवळाच्या पायरीवर गाठलं.

"बाबू, या डब्यात माही हजेरी आहे म्हन्ते नथ्थूजी. खरं आहे का जी?"

"आहे. सगळ्यांचीच आहे."

"माही वरत आहे का खालतं?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं की तिला टेप म्हणजे धान्याच्या कोठीसारखी वाटत होती, वरचं आधी निघतं. मी खरं ते सांगितलं, "तुमची सगळ्यात शेवटी."

"तेच त," ती म्हणाली. जशी काही तिची खात्रीच होती.

मी तिला आणि नथ्थूजींना बजावलं, डब्यावर फूल ठेवा, पण बाकी काही घालू नका, आत नाजूक वस्तू आहे. दोघांनी माना डोलावल्या. तरी दर शुक्रवारी झाकणावर तेलाचा एखादा ठिपका सापडे. मी तो पुसून टाकत असे आणि पुन्हा बजावत असे. सांगून सांगून कंटाळा येतो, पण त्या गावात कुणी तुमच्याशी वाद घालत नाही. हो म्हणतात नि आपलंच करतात.

डिसेंबर लागला. इंदूबाईचे दिवस भरत आले होते, गुलाबराव मला गुपचूप सांगत. त्यांनी कधी नियमाबाहेर काही केलं नाही. मात्र एखाद्या पाळीला वाइंडिंगमध्ये माणूस कमी असला की तिचं नाव पुकारायला विसरायचे नाहीत, एवढंच.

आणि एका बुधवारी संध्याकाळी, रोजचा बॅकअप चालू असताना वीज गेली. आधीची स्क्रिप्ट पार पडली होती, वह्या मिटल्या होत्या, घरची, म्हणजे थंड्या खोलीतच राहणारी टेप नुकती फिरू लागली होती. जनरेटर लागायला हवा होता, तो नुसता गुरगुरून बसला. वीज आली तेव्हा डिस्कमधून खरखर ऐकू आली. डिस्क खरडली गेली होती. घरच्या टेपेवर नव्या नकलेची सुरुवात तेवढी झाली होती, तीही अर्धवट, आणि टेपेवरची जुनी नक्कल आधीच्या स्क्रिप्टनं सुरुवातीलाच पुसून टाकली होती. नक्कल घेतानाच अस्सलही जावं आणि नक्कलही, याला दैव म्हणतात. मी मशीनच्या कपाटाला हात लावून बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला रडू येत होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

सकाळच्या गाडीनं नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं डिस्क उघडली, पाहिली आणि परत मिटली. लेबर ऑफिसर मोकाशी साहेब थंड्या खोलीत आले. ते दुष्ट नव्हते. दोन वरिष्ठ आणि तीन युनियन यांच्यामध्ये उभं राहून राहून त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं झिजून गेलं होतं.

"म्हणजे बदलींची या वर्षाची हजेरी नाही?"

"या घडीला नाही."

"कागदी हजेरीपट?"

"कम्प्युटर आला तेव्हा तुम्हीच बंद केला, साहेब. आणि पाळीच्या चिठ्ठ्या दर महिन्याला रद्दीत जातात. फक्त चालू महिन्याच्या आहेत."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग ज्यांचा दावा असेल त्यांनी पुरावा आणावा. मी दुसरं काय सांगणार?" एवढं बोलून ते गेले, आणि दुपारच्या चहापर्यंत ते वाक्य साऱ्या गिरणीत पोचलं.

देवळातली टेप होतीच. मी तीच आणायला निघालो होतो. शुक्रवारपर्यंतचं वर्ष तिच्यावर होतं, आणि पुढच्या चार-पाच दिवसांच्या चिठ्ठ्या गुलाबरावांच्या खणात. म्हणजे खरं तर काही बिघडलं नव्हतं. मी रस्ता ओलांडताना असंच स्वतःला सांगत होतो.

कोनाड्यातला डबा शेंदूर आणि तेलानं माखलेला होता. नुसते ठिपके नव्हेत, तेल झाकणाच्या फटीतून आत उतरलं होतं आणि डब्याखाली थारोळं साचलं होतं. कुलूप हातातून निसटत होतं. आत रिळाभोवतीची प्लास्टिकची पट्टी सैल पडलेली, आणि टेपेच्या वरच्या वेढ्यांवर तेल चकाकत होतं.

"हे काय, नथ्थूजी?"

नथ्थूजी खोकले. "शनिवारी अमावस्या आल्ती. मारुतीले तेल घातलं साऱ्यायनं, मंग डब्यालेही घातलं. वर्स सरून राह्यलं न बाबू. मी म्हटलं होतं, थोडं घाला."

मागून इंदूबाई आली होती. बातमी ऐकून फाटकापासून धावत आली असावी, धापा टाकत होती. तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रिळाकडे.

"मी तं पूरी वाटी घातली जी," ती म्हणाली. "चांगल्यासाठी घातली."

आणि देवळाच्या पायरीवर बसली. मी तिला बोल लावला नाही. हा माझा मोठेपणा नव्हता, मी इतका थकलो होतो की रागसुद्धा उभा राहत नव्हता.

इंजिनिअरनं टेप पाहून हात वर केले. "ही मी ड्राइव्हवर चढवणार नाही. तेलानं माझं टेप वाचणारं हेड खराब होईल." मी त्याला विनवलं. गुलाबरावांनी चपला बाहेर काढून, म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य ओळखून, आत येऊन विनवलं. शेवटी तो म्हणाला, जेवढी पुसता येईल तेवढी पुसा, मग पाहू. दवाखान्यातून स्पिरिट आणलं. कापूस आणायला लांब जावं लागलं नाही. मी नि गुलाबराव रीळ सैल करत टेप हातभर हातभर पुसत बसलो, नि मागून इंजिनिअर रिकाम्या रिळावर गुंडाळत होता. बाहेरचे वेढे तेलानं एकमेकांना चिकटले होते, सोडवताना तपकिरी रंग कापसावर उतरून येत होता. तो रंग म्हणजेच त्यावरचं लिखाण. कुणाचं तरी लिखाण आपण पुसतो आहोत, हे कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

इंदूबाई थंड्या खोलीच्या दाराबाहेर बसून होती. दुसऱ्या पाळीला वाइंडिंगमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं. गुलाबराव हातातला कापूस ठेवून स्वतः सांगायला आले.

"जाय न बाई, तुहं नाव आलं."

"आजचा दिवस गेला तं गेला," ती म्हणाली. "मांगचे सारे दिवस आत हायेत, त्यायले सोडून कुठी जाऊ?"

टेप चढवली. सुरुवातीचं काहीच वाचता येईना. हिशेब गेला, सूत गेलं, कोठार गेलं. मशीन पुन्हा पुन्हा टेप मागे घेई, पुन्हा प्रयत्न करी, पडद्यावर चुकांची रांग. कायम कामगारांपैकी पहिली खाती गेली, मग काही आली, काही गेली. इंजिनिअर तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मग मशीनचा आवाज एकसारखा झाला. ते न अडखळता वाचू लागलं, आणि वाचतच गेलं.

"आता स्वच्छ येतंय," इंजिनिअर म्हणाला. "हे काय आहे?"

त्या बदल्या होत्या. सगळ्या खात्यांच्या, सगळ्या वर्षाच्या, एकही न गळता.

कारण साधं होतं. गुंडाळलेल्या टेपेची सुरुवात बाहेर असते आणि शेवट आत, रिळाच्या गाभ्याजवळ. तेल बाहेरून आत शिरत होतं. जे महत्त्वाचं म्हणून आधी घेतलं होतं, ते बाहेरच्या वेढ्यांवर होतं आणि ते बुडालं. ज्यांचं गेलं तरी चालेल म्हणून मागे ढकललं होतं, ते अगदी पोटात होतं, तिथवर तेल पोचलंच नाही. मी दाराबाहेर जाऊन इंदूबाईला सांगितलं, तुमची हजेरी सापडली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "पुरी?" मी म्हटलं, पुरी. त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा पुन्हा नोकरीत कधी झाला नाही, आणि आनंदात मुख्य कचेरीतल्या त्या साहेबाला मी मनातल्या मनात जे जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मोकाशी साहेबांनी टेपेचा डबा हातात घेतला आणि बोटं रुमालाला पुसली. "असला तेलकट पुरावा मी पहिल्यांदा पाहतोय," म्हणाले. हिशेबाच्या कागदी प्रती होत्या, कायम कामगारांची सर्व्हिस बुकं होती. ती पुन्हा टाइप करायला आम्हाला महिने लागले, गुलाबरावांच्या बोटाला घट्टा पडला. बदलींची हजेरी मात्र आयती हाती होती. युनियननं ती लगेच मागितली, आणि मोकाशी साहेबांना नाही म्हणायला जागा उरली नाही. इंदूबाईचे दिवस भरले होते. उन्हाळ्याच्या आत तिचं कायमचं पत्र निघालं आणि खोली तिच्या नावावर झाली. महादेवराव आता स्वतःच्या बायकोच्या खोलीच्या ओट्यावर बसून गिरणी बुडत असल्याचं सांगू लागला.

मी टेप देवळातून काढून बँकेत ठेवायला सुरुवात केली. इंदूबाईला ते पटलं नाही. "बँक तं शनिवारी अर्धा दिवस राह्यते. आन् मारुती सुट्टी घेत नाई." नथ्थूजींनी कोनाड्यात तेलाचा दिवा ठेवला. बदलीवाले कोनाड्याला हात जोडतच राहिले, डबा असो नसो.

महादेवरावाचं म्हणणं एकदाचं खरं झालं. दोनेक वर्षांनी सकाळी फाटकावर नोटीस लागली आणि भोंगा वाजला नाही. आधी बदल्यांचे बिल्ले परत घेतले. त्यांना विचारायला कुणी नव्हतं, आठवड्याभरात ते पांगले. कुणी पुलगावला, कुणी नागपूरला, कुणी दुसऱ्याच्या शेतात. कायम कामगारांनी कोर्टात दावा लावला. निकाल लागेपर्यंत चाळीतल्या खोल्यांना हात लावायचा नाही, असा आदेश मिळाला. इंदूबाईची खोली त्यामुळं राहिली. ती शिलाई मशीन घेऊन बसली, महादेवराव बटणं लावू लागला.

हप्ते थकले म्हणून मशीनवाल्या कंपनीनं मशीन परत मागवलं. मशीन जाणार म्हणजे त्याच्याबरोबर आलेला माणूसही जाणार, एवढंच त्या पत्रात होतं. पुढं काय, याबद्दल काही नव्हतं. माझा कराराचा कागद दर वर्षी नवा होत असे, त्या वर्षी झाला नाही. टेम्पो आला त्या दिवशी तारा मीच काढल्या. गुलाबराव गावाला निघून गेले होते. मशीन पोत्यांत गुंडाळून चढवत होतो, तेव्हा समोरच्या चाळीतून इंदूबाई चहाची किटली घेऊन आली. हमालांना चहा दिला, मला दिला, आणि किटली धरून उभी राहिली.

"आता कुठी जाता जी?"

"नागपूरला. तिथं काही मिळतं का पाहतो."

"गिरनीचा दावा आहे न कोर्टात. तुमचंही नाव असन त्याच्यात."

"माझं नाही. मी गिरणीच्या पटावर नव्हतो."

तिनं टेम्पोतल्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला ते खरंच वाटेना.

"साऱ्यायची हजेरी तुमी सांभाळली. तुमची कोन्या टेपेवर होती मंग?"

"कुठल्याच नाही."

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"इतले वर्स राह्यले बाबू," ती म्हणाली, "आन् तुमी तं बदलीच राह्यले."